कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा

माणसाने जे जे प्राणी माणसाळवले, त्यांत कुत्र्याचा क्रम पहिला लागतो. गाय, शेळी, घोडा ही सगळी मंडळी मागाहून आली. शेतीचा शोध लागण्यापूर्वी, माणूस अजून शिकारीवर आणि कंदमुळांवर पोट भरीत होता, तेव्हाच कुत्रा त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला होता. इतक्या जुन्या सोबत्याला शिकवायचे कसे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. त्या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी माणसाने काय काय उत्तरे दिली, हे आज थोडक्यात पाहू या. हा इतिहास सांगताना एकच लहानशी वस्तू मी हाताशी धरणार आहे. ती वस्तू म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा.

कोणी म्हणेल, इतिहासाच्या मास्तराने किल्ले, लढाया, तहनामे यांविषयी बोलावे. हे कुत्र्याच्या पट्ट्याचे काय काढले? त्याचे कारण आमच्या जयगडात आहे. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हा गाव. सोळाव्या शतकातला किल्ला, दीपस्तंभ, पलीकडच्या तवसाळला नेणारी फेरीबोट, आणि अलीकडच्या काळात आलेले मोठे बंदर, असा त्याचा पसारा. इथला जुना कुत्रा हा एका घरचा नसे, वाडीचा असे. त्याचे नाव मोती नाही तर काळू. पडवीत निजायचे, उरलीसुरली भाकरी नि मासळीचे काटे खायचे, आणि रात्री अनोळखी पाऊल वाजले की साऱ्या वाडीला जागे करायचे, एवढी त्याची नोकरी. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता आणि त्याला कोणी शिकवायलाही बसत नसे.

आता दिवस पालटले. बंदराच्या आणि कारखान्याच्या निमित्ताने नवी कुटुंबे आली, चाकरमान्यांनी जुन्या घरांच्या जागी बंगले बांधले, आणि त्या बंगल्यांतून लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड अशा जातिवंत कुत्र्यांची पिल्ले नांदू लागली. पिल्लू आले म्हणजे चपला चावणे, जाजमावर घाण करणे, पाहुण्यांवर उड्या मारणे हे ओघानेच आले. त्यावर बाजाराने दोन उपाय पुढे केले आहेत. पहिला, विजेचा पट्टा. दुसरा, पिल्लाला महिना-दीड महिना शहरातल्या एखाद्या शिक्षणगृहात ठेवायचे आणि 'शिकवून तयार' झाले की घरी आणायचे. पुष्कळदा हे दोन्ही उपाय एकत्रच येतात.

माझ्या ओळखीच्या एका घरी असे झाले. तीन महिन्यांचे पिल्लू सहा आठवडे बाहेर राहून परत आले. 'बस' म्हटले की बसे, भुंकत नसे, उडी मारीत नसे. शेजारीपाजारी म्हणाले, "काय शहाणा झालाय हो!" चार दिवसांनी घरातल्या मुलाने दूरदर्शन लावायला रिमोट हातात घेतला मात्र, पिल्लू पलंगाखाली घुसले आणि तिथेच त्याला लघवी झाली. मुलाने त्याला काहीच केले नव्हते. पण शिक्षणगृहात जो धडा मिळाला होता तो कशाचा होता, हे त्या क्षणी घरच्यांना कळले. तो 'बस' या शब्दाचा धडा नव्हता. हातातल्या काळ्या डबीचा होता.

या डबीपर्यंत माणूस आला कसा, हे आता पाहू.

गळ्याच्या पट्ट्याचे एक फार जुने आणि नेमके वर्णन रोममध्ये सापडते. मार्कस व्हॅरो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर एक ग्रंथ लिहिला. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. मेंढपाळाच्या कुत्र्याविषयी त्याने एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. लांडग्याने कुत्र्याची मान धरू नये म्हणून जाड कातड्याचा पट्टा करावा, त्याला बाहेरून खिळे ठोकावे, आणि हे महत्त्वाचे बरे का, खिळ्यांच्या माथ्यांखाली आतून मऊ कातडे शिवावे, म्हणजे लोखंड कुत्र्याच्या मानेला बोचणार नाही. असल्या लोखंडी पट्ट्यांची कुत्री हिमालयातल्या मेंढपाळांजवळ आजही दिसतात. तिथे भय बिबट्याचे असते. तेव्हा पट्टा हा मुळात कुत्र्याला शिक्षा करण्यासाठी नव्हता. तो त्याचे चिलखत होता. टोके शत्रूकडे आणि मऊपणा कुत्र्याकडे, अशी त्याची रचना होती.

व्हॅरोचा काळ मात्र सत्ययुग होता, असे कोणी समजू नये. त्याच प्रकरणात तो सांगतो की पिल्लांना बांधून घ्यायची सवय लावताना प्रथम हलक्या दोऱ्या वापराव्यात, आणि पिल्लू दोरी कुरतडू लागले तर ती खोड पडू नये म्हणून त्याला फटके देतात. एकाच लेखकाच्या एका हातात मऊ कातडे आणि दुसऱ्या हातात चाबूक! माणसाची कुत्र्याशी असलेली वागणूक तेव्हापासून अशीच दुहेरी आहे.

आपल्याकडे या प्रश्नावरची सर्वांत मार्मिक कथा महाभारतात आहे, आणि तीही आदिपर्वात अगदी आरंभी. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर सत्र करीत होता. तिथे देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू आले. राजाच्या तिघा भावांनी, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन यांनी, त्याला बडवून हाकलले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू हविर्द्रव्याकडे पाहिलेस का? त्याला तोंड लावलेस का? पिल्लू म्हणाले, पाहिलेही नाही आणि चाटलेही नाही. सरमा सत्रमंडपात जाऊन राजाला विचारती झाली की माझ्या निरपराध मुलाला का मारले? कोणापाशी उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला, की ज्याअर्थी याचा काही अपराध नसता याला मारले, त्याअर्थी तुमच्यावर अदृष्ट भय येईल.

अदृष्ट भय, म्हणजे कोठून येईल ते दिसत नाही असे भय. शाप देताना सरमेने रोग मागितला नाही, पराभव मागितला नाही. पिल्लाने जे सोसले तेच तिने राजाला दिले. कारण, का मारले हे न कळता खाल्लेला मार कशासारखा असतो, हे त्या आईला ठाऊक होते. जनमेजय त्या शापाने हवालदिल झाला आणि शांतीसाठी पुरोहित शोधीत हिंडला, असे कथा सांगते. महाभारताची ही कथा डोळ्यांसमोर ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

शिकारीच्या आणि राखणीच्या कुत्र्यांचे शिक्षण आपल्या देशात जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री बाळगणारे शिकारी रानात गस्त घालताना दिसतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांचा एक वेगळा विनोद आहे, 'सारमेयविनोद'. पाहा, शब्द सरमेच्या मुलाचाच! मराठेशाहीत आलो तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने वाघापासून धन्याला वाचवले, असे लोक सांगतात. मुधोळच्या घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची जी जात जोपासली, तिची पिल्ले विलायतेत पंचम जॉर्जपर्यंत पोहोचली. ही जात कारवानी म्हणून आपल्या धनगर-शेतकऱ्यांनाही परिचित आहे. या साऱ्या परंपरेत छडी नव्हती असे नाही. पण कुत्रा ज्याच्यासोबत काम करणार त्याच्याच हाताखाली वाढे, ही गोष्ट सगळीकडे समान होती.

आता एकोणिसाव्या-विसाव्या शतकाकडे वळू. कुत्र्याचे शिक्षण हे शास्त्र व्हायला सुरुवात झाली ती युरोपात, आणि त्याला निमित्त पोलीस नि लष्कर. जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने १९०६ पासून कुत्री शिकवायला घेतली आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. कुत्र्याला माणसासारखी नीती कळत नाही, त्याला फक्त अनुभव कळतो. तेव्हा नको त्या कृतीला लगेच वेदना आणि हव्या त्या कृतीला लगेच सुख जोडावे, असा त्याचा सिद्धांत. सिद्धांत पुढारलेला होता. पण व्यवहारात वेदनेचा वाटा मोठा राहिला. काटेरी पट्टा आणि हिसका ही या पद्धतीची खूण झाली. व्हॅरोच्या पट्ट्याचे खिळे बाहेर होते, ते आता आत वळले.

त्याच सुमारास रशियात पाव्हलॉव्हचे प्रयोग चालू होते. त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल. पण जगाने त्याला ओळखले ते घंटा आणि लाळ यांच्या नात्यावरून. अन्नाआधी एखादी खूण वारंवार मिळाली की नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच प्रयोगशाळेतली एक घटना शाळेत सांगत नाहीत. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांच्या नाकापर्यंत पाणी चढले. मोठ्या कष्टाने त्यांना पोहवत बाहेर काढले. कुत्री वाचली. पण त्यांतली कित्येक, वर्षानुवर्षे शिकलेले धडे विसरून गेली, आणि पुढे दाराखालून थोडे पाणी आत सोडताच पुन्हा सैरभैर झाली. भीती ही शिक्षणाची मदतनीस नाही. मर्यादा ओलांडली की ती पाटीच पुसून टाकते, हे त्या पुराने दाखवून दिले.

अमेरिकेत विजेचे पट्टे बाजारात आले ते १९६० च्या दशकात, आणि आले ते शिकारी कुत्र्यांसाठी. कुत्रा मैलभर पुढे, सशाच्या पाठी लागलेला. मालकाची हाक पोहोचत नाही. तर दुरून बटण दाबून त्याला अडवावे, ही कल्पना. रचना सोपी आहे. पट्ट्यावर एक डबी, तिच्यात बॅटरी आणि संदेश घेणारे यंत्र. डबीच्या आतल्या बाजूला धातूची दोन टोके. ती केसांतून कातडीला टेकली पाहिजेत. मालकाच्या हातात दुसरी डबी. बटण दाबले की दोन टोकांमधून कातडीला झटका बसतो. झटक्याच्या पायऱ्या असतात. काही यंत्रांत आधी आवाज किंवा नुसती थरथर असते. सुरुवातीची यंत्रे भलतीच कडक होती. नंतरची सौम्यपणे चालवता येतात, हेही खरे.

योगायोग असा की याच दशकात, १९६७ साली, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिग्मन आणि मायर या दोघा संशोधकांनी कुत्र्यांवर विजेच्या झटक्यांचा एक प्रयोग केला. काही कुत्र्यांना झटका चुकवण्याची सोय होती, काहींना नव्हती. नंतर सर्वांनाच अशा पेटीत ठेवले की मधला अडसर उडी मारून ओलांडला की सुटका. ज्यांना आधी सोय होती ती उडी मारून सुटली. ज्यांनी आधी काहीही केले तरी झटका चुकत नाही हे अनुभवले होते, त्यांतली बहुतेक उठलीच नाहीत. पडून राहिली, कण्हत राहिली. दार उघडे असून बाहेर पडली नाहीत. 'शिकून आलेली असहायता' असे नाव या अवस्थेला मिळाले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण त्यातून मिळालेले ज्ञान आपल्या कामाचे आहे. कारण असहाय झालेला कुत्रा आणि शहाणा झालेला कुत्रा बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही गप्प असतात.

विजेच्या पट्ट्याचा खरा धोका इथे आहे. झटका कातडीला इजा किती करतो, हा प्रश्न दुय्यम. कुत्रा तो झटका कशाशी जोडतो, हा प्रश्न मुख्य. बटण दाबणाऱ्याच्या मनात असते, 'पाहुण्यावर उडी मारू नकोस.' पिल्लाच्या अनुभवात असते, 'पाहुणा आला आणि मान जळाली.' पुढच्या वेळी ते पाहुण्याला घाबरेल, नाही तर पाहुण्यावर गुरगुरेल. सायकल, लहान मूल, शेजारचा कुत्रा, जे त्या क्षणी समोर असेल ते वेदनेचे कारण ठरते. मारणारा हात दिसत नाही. भय मात्र येते. सरमेच्या शापातले अदृष्ट भय ते हेच. महाभारतकारांना वीज ठाऊक नव्हती, पण पिल्लाचे मन ठाऊक होते, असे म्हणावे लागते.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. हॉलंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्याने शिकवलेली कुत्री शिक्षणाच्या मैदानाबाहेर, साध्या बागेत हिंडतानाही आपल्या मालकाजवळ दबून वावरताना आढळली. मालकाची सोबत हीच त्यांना वेदनेची खूण झाली होती. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात हाकेला न येणाऱ्या ६३ कुत्र्यांचे तीन गट केले. एका गटाला अनुभवी शिक्षकांनी विजेच्या पट्ट्याने शिकवले, दुसऱ्याला त्याच शिक्षकांनी पट्ट्यावाचून, तिसऱ्याला बक्षिसाच्या पद्धतीच्या शिक्षकांनी. पट्ट्याने काही जास्त साधले असे दिसले नाही; उलट बक्षिसाच्या गटातली कुत्री हुकूम अधिक तत्परतेने पाळत होती. जर्मनीतल्या वरिष्ठ न्यायालयाने २००६ साली अशा यंत्रांचा वापर बेकायदा ठरवला. वेल्सने २०१० साली बंदी घातली. आणि ध्यानात घ्या, हे अभ्यास वाढलेल्या कुत्र्यांवरचे आहेत. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला पट्टा घालू नये, असे अनेक उत्पादक आपल्या सूचनापत्रकांतच छापतात. ते पत्रक आपण वाचत नाही.

पट्ट्याच्या बाजूने बोलणारेही प्रामाणिक लोक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की कुत्रा मोटारीखाली जाण्यापेक्षा, नाही तर शेजाऱ्याच्या कोंबड्या मारून विषाला बळी पडण्यापेक्षा एक हलका झटका बरा. मोठ्या, हट्टी, शिकारी कुत्र्याच्या बाबतीत हा युक्तिवाद निदान ऐकून घेण्याजोगा आहे. पण तीन महिन्यांच्या पिल्लाला तो लागू पडत नाही. त्याला मोटारीपासून वाचवायला फाटक पुरते आणि कोंबड्यांपासून वाचवायला दोरी पुरते. जे दोरीने भागते त्याला वीज कशाला?

आता दुसरा उपाय, पिल्लाला शिक्षणगृहात पाठवण्याचा. वरवर पाहता यात आपल्याला आपली गुरुकुलाची कल्पना दिसते. मुलगा गुरूच्या घरी राहिला, विद्वान होऊन आला, तसेच पिल्लूही. पण मुंज झालेला बटू आठ वर्षांचा असे. कुत्र्याच्या पिल्लाचे बालपण आठवड्यांत मोजायचे असते.

अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी बरीच वर्षे पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. त्यांना असे आढळले की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी सोयरीक जुळवते. आपले कोण, परके कोण, कशाला भ्यायचे, कशाला नाही, याचा पाया या काळात घातला जातो. या वयात जी माणसे, जे आवाज, जे वास ओळखीचे झाले ते जन्मभर आपले. जे भयाशी जोडले गेले ते निघता निघत नाही. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थांना तर हे पदरमोड करून शिकावे लागले. कॅलिफोर्नियात फाफेनबर्गर यांनी पाहिले, की पारख झाल्यावर जी पिल्ले लगेच कुटुंबात गेली ती पुढे चांगली निपजली, आणि जी कोंडवाड्यात काही आठवडे अधिक राहिली त्यांतली पुष्कळ नापास झाली. पिल्ले तीच, आईबाप तेच; फरक काय तो काही आठवड्यांच्या कोंडवाड्याचा. इंग्लंडमधल्या संस्थेने १९५६ साली आपली पिल्ले वर्षभर सामान्य घरांत वाढवायला देण्याची पद्धत सुरू केली. शिकारी कुत्र्यांचे कळप बाळगणारे इंग्रज जमीनदार तर आपली पिल्ले आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला फार पूर्वीपासून देत असत.

म्हणजे गंमत पाहा. ज्यांचा धंदाच कुत्री शिकवण्याचा, ती मंडळी पिल्लांना घरात पाठवतात. आणि ज्यांच्यापाशी घर आहे ते आपण पिल्लाला घराबाहेर पाठवतो!

आपल्या पोलिसांच्या श्वानपथकांचे उदाहरण पुष्कळजण देतात. मुंबईच्या 'जंजीर' या लॅब्रॅडोरचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पुण्यात शिकून आलेल्या या कुत्र्याने १९९३ च्या स्फोटमालिकेच्या वेळी ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुडकून काढले. तो २००० साली वारला तेव्हा पोलीस दलाने त्याला मानवंदना दिली. पण श्वानपथकाचा कुत्रा एकटा शिकत नाही. त्याच्यासोबत त्याचा हस्तक असतो. दोघे एकत्र शिकतात आणि पुढे एकत्र नोकरी करतात. शिक्षण कुत्र्याचे जितके, तितकेच माणसाचे. पिल्लू शिक्षणगृहात पाठवताना हा अर्धा भाग गळतो. पिल्लू शिकून येते, आणि आपण होतो तिथेच राहतो. मग पंधरा दिवसांत सारे पूर्वपदावर आले की आपण म्हणतो, "पैसे फुकट गेले."

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. या वयात पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो हा आतड्यांचा रोग लहान पिल्लांना झपाट्याने नेतो. जिथे चार घरची पिल्ले एकत्र राहतात, तिथे हे भय अधिक. सारीच शिक्षणगृहे सारखी, असे मी म्हणत नाही. मालकाला रोज दारात घेणारी, त्याच्या देखत आणि त्याच्याच हातून शिकवणारीही आहेत. पण जिथे 'मध्ये भेटायला येऊ नका' असे सांगतात, तिथे पिल्लू ठेवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

कायदा काय म्हणतो? प्राण्यांच्या छळाविरुद्धची जाणीव महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईत १८७४ साली प्राणिक्लेश निवारणाची संस्था निघाली आणि पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयाला सरकारने मूर्त रूप दिले आणि १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला तो १० ते ५० रुपये! तेव्हा पन्नास रुपयांना वजन होते. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई केली, हे चांगले झाले. पण विकत घेतल्यावर त्याचे काय होते, हे शेवटी घराच्या चार भिंतींत ठरते. तिथे कायद्यापेक्षा समज उपयोगी पडते.

ही समज आपल्याला परकी नाही. आपल्याच महाराष्ट्रात मुलांच्या शिक्षणाची अशी एक क्रांती होऊन गेली आहे. पंतोजींच्या शाळेत मूल अंगठे धरून उभे राही आणि पाढे पाठ करी. पाढे येत, आणि शाळेचे भयही जन्मभर राही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, तेव्हा लोक हसले. मूल खेळून शिकते, मारून नव्हे, हे म्हणणे त्या वेळी लाडावल्याचे लक्षण वाटे. ताराबाईंनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ते करून दाखवले, तेही आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हे त्यांचे सूत्र. पिल्लाच्या बाबतीत याहून वेगळे काय सांगायचे आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बेकायदा ठरवली. मुलाच्या पाठीवरून उतरलेली छडी पिल्लाच्या गळ्यात का बांधावी?

तर मग करावे काय? उपाय साधे आहेत. पिल्लू हवे ते करील त्या क्षणी त्याला भाकरीचा तुकडा, सुकटीचा दाणा द्यावा. क्षण चुकवू नये. नको ते करील तर त्याला ते करायची संधीच ठेवू नये. चपला वर उचलाव्यात, फाटक लावावे. खाणे झाले, झोप झाली की त्याला लगेच अंगणात न्यावे. घाण बाहेर झाली की शाबासकी द्यावी. पाहुण्यावर उडी मारली तर पाठ फिरवावी, चार पाय जमिनीवर टेकले की लाड करावे. दिवसातून पाच-पाच मिनिटे तीन-चार वेळा, एवढे शिक्षण त्याला पुष्कळ होते. घरातल्या सर्वांनी हुकूम एकच वापरावा. आजी 'बस' म्हणते, नातू 'सिट' म्हणतो, असे नको. लसी वेळेवर टोचाव्यात. आणि आमच्या भागात बिबट्या वस्तीत उतरतो, तेव्हा रात्री पिल्लाला अंगणात साखळीला न बांधता दाराच्या आत घ्यावे.

जयगडच्या एका आंब्याच्या बागेत एक म्हातारे राखणदार आहेत. त्यांच्या हाताखाली चार कुत्री तयार झाली. विजेच्या पट्ट्याविषयी मी त्यांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, कुत्र्याला भिववलंत तर तो चोरावर भुकंल कसा?" स्कॉट-फुलरचा ग्रंथ एका वाक्यात सांगायचा तर तो असाच सांगता येईल.

जयगडाच्या किल्ल्याविषयी एक आख्यायिका आहे. बांधकाम पुरे होईना, तेव्हा जयबा नावाच्या माणसाने आपण होऊन बळी जाणे पत्करले, म्हणून किल्ल्याला त्याचे नाव मिळाले, असे सांगतात. किल्ल्यात त्याची समाधी आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला 'आपण होऊन' हा शब्द मोलाचा आहे. जयबाला विचारले होते. पिल्लाला कोणी विचारीत नाही. ते आपल्या घरी येते ते आपल्या निवडीने, त्याच्या नव्हे. त्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा हक्क आपण घेतलाच आहे, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोमन शेतकऱ्याएवढी काळजी आपण घ्यावी: पट्टा भक्कम असू द्यावा, पण आतल्या बाजूला मऊ कातडे लावावे.